कोलेस्टेरॉलची वजाबाकी

आमच्या पिंपळे गुरवला पवनेकाठी फिरायला येणारी मंडळी पूर्वी एकमेकांना पेन्शन विचारीत. हल्ली कोलेस्टेरॉल विचारतात. ज्याचा आकडा कमी, तो छाती काढून चालतो.

या शर्यतीत अक्काचे यजमान, म्हणजे आमचे अण्णा, परवा पहिले आले. एकूण कोलेस्टेरॉल १२८! अण्णांचं आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस चालतं. "किडन्यांनी दगा दिला, पण हृदय सोन्याचं आहे!" असं म्हणत त्यांनी रिपोर्ट सोसायटीभर फिरवला. अक्काने देवापुढे साखर ठेवली.

रिपोर्टात चांगलं म्हणतात ते एचडीएल २८, ट्रायग्लिसराइड २४० आणि वाईट म्हणतात ते एलडीएल ५२. गंमत म्हणजे हे एलडीएल पुष्कळदा कोणी मोजतच नाही. फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली सूत्र दिलं : एकूणातून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, उरेल ते एलडीएल. महिनाअखेरीस किराणा आणि दूध वजा करून उरलेलं आपण 'इतर खर्च' म्हणून मांडतो, तसंच! ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं, की हा हिशेब फसतो. आणि डायलिसिसवाल्यांचं नेमकं तेच बऱ्याचदा वाढलेलं असतं. शिवाय रक्त मशीन लावण्याआधी द्यावं; रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन ट्रायग्लिसराइड तात्पुरतं उतरवतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, पण अभिनंदन काही केलं नाही.

"अण्णा, जेवता किती?"

"अर्धी भाकरी. भूकच नाही हो."

"मग १२८ ही शाबासकी नव्हे. डायलिसिसवर कोलेस्टेरॉल फार कमी येणं, ही बरेचदा शरीर खंगत असल्याची खूण असते. अशांतच जास्त माणसं दगावलेली दिसतात."

अक्काचा चेहरा उतरला. वर्षभर तिनेच तुपाचा डबा कुलपात ठेवला होता. "मग शेजारच्यांसारखी गोळी?" तिने विचारलं.

"जर्मनीतल्या बाराशेंवर मधुमेही डायलिसिस रुग्णांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. गोळीने आकडा उतरला. झटके आणि मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. आधीपासून चालू असेल तर राहू देतो, नव्याने सहसा देत नाही. अण्णांना आधी जेवू घाला!"

आता अक्का आकडे मोजते ते अण्णांच्या ताटातले. दीड भाकरी, दोन अंड्यांचा पांढरा भाग. डायलिसिसनंतरचं वजन महिन्याभरात अर्धा किलो वाढलं, तेव्हा तिने पुन्हा साखर ठेवली.

अंड्यांचे बलक टाकवत नाहीत, म्हणून ते माझ्या ताटात येतात. माझा आकडा विचारू नका.