रोहित लांब, देऊळ जवळ!

अप्रेझल झालं, बोनस खात्यात पडला आणि डोक्यात कॅमेऱ्याचा किडा वळवळायला लागला, की पुढचा प्रश्न ठरलेलाच. फुल फ्रेम घ्यायचा की क्रॉप सेन्सर? यावर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तासन्‌तास वाद घालता येतो, आम्ही घातलाय. माझं म्हणणं एवढंच, की कार्ड स्वाइप करण्याआधी एकदा भिगवणला जाऊन या. पुण्याहून सोलापूर हायवेने शंभरेक किलोमीटर. पहाटे साडेचारला निघालात, तर सूर्य उगवायच्या सुमारास कुंभारगावच्या काठावर हातात चहाचा ग्लास असतो.

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. भीमेचं पाणी मागे पसरलं आणि इथे मस्त उथळ, चिखलाचे काठ तयार झाले. रोहित पक्ष्यांना, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंना, अगदी हवे तसे! हिवाळ्यात ते येतात. सोबत पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक अशी सगळी गँग. गावातले मासेमारी करणारे दादा लोकच होडीतून फिरवतात आणि पक्ष्यांची इंग्लिश नावं आपल्यापेक्षा झकास सांगतात.

2024 च्या फेब्रुवारीत मी आणि ऑफिसमधला एक मित्र दोन कॅमेरे घेऊन होडीत बसलो. दोन्ही भाड्याचे, एकाच कंपनीचे. एक 24 मेगापिक्सलचा फुल फ्रेम, दुसरा 32 मेगापिक्सलचा क्रॉप. लेन्स मात्र एकच, 100-500, आळीपाळीने दोन्हींवर लावायची.

आता थोडा फंडा. फुल फ्रेमचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटर, म्हणजे जुन्या फिल्मच्या रोलवरच्या एका फ्रेमएवढा. क्रॉप त्याहून लहान. लेन्स तीच, समोरचा पक्षी तोच, फक्त खिडकी छोटी. त्यामुळे 500 ची लेन्स या क्रॉपवर 800 सारखी दिसते. लेन्सची ताकद वाढत नाही हं, कडेचा भाग कापला जातो. मग फुल फ्रेमचा फोटो घरी येऊन कापला तर? तोच पक्षी मिळेल, पण 24 पैकी नऊ-साडेनऊ मेगापिक्सलच हातात उरतील. क्रॉपवर त्याच तुकड्यात 32 आहेत. लांबच्या पक्ष्याच्या पिसांसाठी हा फरक भलताच मोठा असतो.

आणि रोहित लांबच असतात! थवा दिसला की होडीतून हमखास आवाज येतो, “दादा, अजून थोडं जवळ घ्या ना!” आमच्या शेजारच्या होडीतून आलाच. आमच्या दादांनी मात्र इंजिन बंद करून बांबू हातात घेतला. म्हणाले, “ताई, आता म्होरं नेलं तर उडत्याल. मग तुमालाबी काय नाय आन्‌ त्यास्नीबी काय नाय.” ते पक्षी तिथे पोझ द्यायला आलेले नसतात, डोकं चिखलात घालून पोट भरत असतात. उडाले की खाणं थांबलं. पंख उघडलेला, गुलाबी-काळा फोटो भन्नाट दिसतो, मान्य. पण त्यासाठी थवा उठवणारे लोक बघून माझं डोकं फिरतं. माझ्या मते क्रॉपचा खरा फायदा हाच आहे. होडी होती तिथेच राहते आणि फ्रेम तरी भरते.

फुल फ्रेमवालाही अगदीच गप्प बसला नाही. सूर्य वर यायच्या आधी, निळसर उजेडात सुरय पक्षी डोक्यावरून जात होते. तिथे आयएसओ 6400 वर त्याचे फोटो स्वच्छ आले, माझे दाणेदार. मोठा सेन्सर, जास्त प्रकाश. सिंपल!

त्याच वर्षी एप्रिलअखेर आम्ही पुन्हा गेलो, या वेळी पळसदेवला. भिगवणहून इंदापूरकडे निघालं की वाटेतच आहे. 2023 चा पाऊस कमी झाला होता, उजनीचं पाणी पार उणे साठ्यात गेलेलं. त्यामुळे एरवी पाण्यात असणारं पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडलं होतं. सगळं जुनं गावच धरणात गेलंय. आत सभामंडपात गारवा, अंधार, बाहेर रणरणतं ऊन. एक आजी नातवाला दारातून बोट करून दाखवत होत्या, “त्या तिथं आपलं घर होतं बघ.” बोट हलतंय, नातू हलतोय, ट्रायपॉडचा उपयोग शून्य. फ्लॅश मारायची तर हिंमतच नाही. आजींना विचारून मित्राने फुल फ्रेमवर 35 ची लेन्स लावली आणि दोन पावलांवरून फोटो घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, मागचा कोरीव खांब, सगळं त्या अंधारात आलं. माझ्या क्रॉपवर तोच क्षण ओढूनताणून उजळावा लागला.

तरी मी क्रॉपच घेतला. बॉडीत वाचलेले पैसे लांबच्या लेन्समध्ये घातले, कारण माझे विकेंड पाण्यावर जातात. मित्राला माणसं आवडतात, तो फुल फ्रेमचे हप्ते भरतोय. आजींच्या फोटोची मोठी प्रिंट त्याने पळसदेवला नेऊन दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “घर नाय आलं व्हय यात?”