चक्रवाकदर्शन

सुमारें पस्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. आणि त्या अवधींत 'चक्रवाक' हा शब्द निदान पस्तीस वेळां तरी फळ्यावर लिहिला. चक्रवाक व चक्रवाकी दिवसा एकत्र असतात, सूर्य मावळला कीं कोणाच्या तरी शापानें त्यांची ताटातूट होते, नदीच्या दोन तीरांवरून तीं रात्रभर एकमेकांस हांका मारतात व अरुणोदयीं पुन्हां भेटतात, हा कविसंकेत मीं मुलांस सांगितला. समास सोडविले, अलंकार दाखविला, परीक्षेंत त्यावर प्रश्नहि घातला. पण तो पक्षी रंगानें कसा, आकारानें केवढा, कोठून येतो, काय खातो, हें मला कोणीं शिकविलें नव्हतें आणि मींहि कोणाला शिकविलें नाहीं.

एका वर्षीं नववीच्या वर्गांत हा भाग चालला असतां गोदाकांठच्या एका खेड्यांतून येणारा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, हा पक्षी आमच्या गांवाच्या पाण्यावर दर हिवाळ्यांत येतो. जोडीजोडीनें असतो. रात्रीं ओरडतो तें घरांत ऐकूं येतें." वर्ग हंसला. मींहि हंसलों. "अरे, हा काव्यांतला पक्षी आहे, तुझ्या बांधावरचें बदक नव्हे," असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. मुलगा बसला; त्या वर्षांत त्यानें पुन्हां कधीं हात वर केला नाहीं. ही गोष्ट मी पार विसरलों होतों. गेल्या पौषांत ती मला आठवली, आणि आठवण करून देणारा तो पक्षीच होता.

त्याचें असें झालें. आमच्या धाकट्या सूनबाईंना पक्षी पाहण्याचा नाद आहे. घरांत थोरांपासून लहानांपर्यंत सर्वांनीं त्याची थट्टा करून झाली. तरी त्यांची दुर्बीण आणि वही सुटली नाहीं. एके दिवशीं त्या म्हणाल्या, "मामंजी, उद्यां नांदूर मध्यमेश्वरला चलतां? तुमच्या पुस्तकांतले पुष्कळसे पक्षी तेथें दाखवितें." नातवानें 'आजोबा, चलाच' म्हणून हट्ट धरला, आणि पहाटे पांचाच्या सुमारास आम्ही तिघें नाशिकहून निघालों.

नांदूर मध्यमेश्वर हें नाशिकपासून सुमारें चाळीस किलोमीटरांवर, निफाड तालुक्यांत आहे. निफाडची थंडी प्रसिद्धच. महाराष्ट्रांतील नीचांकी तपमानाच्या बातमींत या गांवाचें नांव वरचेवर असतें. दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मांडव, ऊंस आणि कांद्याचीं शेतें. त्यांवर धुक्याची पातळ चादर. कानटोपी, शाल, हातमोजे असा जामानिमा करूनहि माझे दांत वाजत होते. या गोठविणाऱ्या हवेला ऊबदार समजून हजारों कोसांवरून कोणी येथें मुक्कामास येत असेल, ही कल्पनाच त्या वेळीं मला चमत्कारिक वाटली.

या स्थळाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजी अमदानींत एक बंधारा बांधला गेला. वरच्या अंगाकडून येणारें पाणी येथें अडवावें व डाव्या-उजव्या कालव्यांनीं कोपरगांव-राहात्याकडील अवर्षणाच्या प्रदेशास पोंचवावें, हा त्याचा हेतु. पक्ष्यांचा विचार त्यांत कोणाच्या स्वप्नींहि नव्हता. परंतु नदी नुसतें पाणी आणीत नाहीं, मातीहि आणते. वर्षानुवर्षें गाळ सांचत गेला, पाणी उथळ झालें, मधून मधून मातीचीं बेटें वर आलीं, त्यांवर पाणकणीस माजलें, कमळें व नाना प्रकारचें शेवाळ वाढलें. कालव्याच्या हिशेबानें ही हानि होय, कारण गाळ चढला तितका पाण्याचा सांठा घटला. पण याच उथळ पाण्यानें पक्ष्यांसाठीं ताट मांडलें. १९८६ सालीं सरकारनें हें अभयारण्य म्हणून जाहीर केलें. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं इराणांतील रामसर या गांवीं १९७१ सालीं राष्ट्राराष्ट्रांत जो करार झाला, त्याच्या यादींत याचा समावेश झाल्याचें २०२० सालीं जाहीर झालें. महाराष्ट्रांतून त्या यादींत गेलेलें हें पहिलें स्थळ. प्रख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनीं याला 'महाराष्ट्राचें भरतपूर' म्हटलें होतें असें तेथें सर्वजण अभिमानानें सांगतात.

चापडगांवच्या बाजूस पाण्याच्या कडेला निरीक्षणासाठीं मनोरे उभारलेले आहेत. वाटाड्या म्हणून गांवांतलाच एक तरुण बरोबर आला. मी कांहीं तरी मोठ्यानें विचारूं लागलों, तोंच त्यानें ओठावर बोट ठेविलें. "गुरुजी, हळू बोला. तीं आतां चरताहेत." जन्मभर दुसऱ्यांना 'गप्प बसा' म्हणण्याची संवय असलेल्या माणसास ही आज्ञा जरा नवीन होती, पण ती पाळल्याचें फळ लौकरच मिळालें.

धुकें विरळ होऊं लागलें तसें आधीं ऐकूं आलें आणि मग दिसलें. आरंभीं तो नुसता कलकलाट होता; जत्रेंतल्या गर्दीसारखा, ज्यांत एकहि शब्द वेगळा काढतां येत नाहीं. सूनबाईंनीं दुर्बीण माझ्या हातीं दिली आणि एकेक नांव सांगूं लागल्या, तेव्हां त्या गर्दींतून माणसें ओळखूं यावींत तसे पक्षी ओळखूं येऊं लागले. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला चांदवा शेंकड्यांनीं पोहत होता. कांहीं विद्वानांच्या मतें अमरकोशांतील कारंडव तो हाच. जांभळ्या-निळ्या अंगाची, तांबड्या चोंचीची पाणकोंबडी कणसांच्या दाटींत देंठ सोलून खात होती. लांबच लांब बोटांचा कमळपक्षी पानावरून पानावर असा चालला होता कीं पान बुडत नव्हतें. चपट्या चोंचीचा थापट्या पाणी गाळीत चालला होता, आणि तलवार बदकें शेपटी आकाशाकडे करून डोकें पाण्यांत घालीत होतीं.

या गर्दींत भांडण कसें होत नाहीं, हें नातवानें विचारलें. सूनबाईंनीं दिलेलें उत्तर मला फार आवडलें. प्रत्येकाच्या पायाची लांबी आणि चोंचीची घडण निराळी. म्हणून प्रत्येकाचें पान निराळें. चिखल्या व लहान तुतारी कांठच्या ओल्या चिखलावरून धांवतात, बोटभर पाण्यापलीकडे जात नाहींत. गुलाबी काठ्यांवर उभा असल्यासारखा शेकाट्या वीतभर पाण्यांत शिरतो. दर्विमुख, ज्याला चमचा म्हणतात, आपली पळीसारखी चोंच पाण्यांत डावी-उजवीकडे फिरवीत त्याहून पुढें जातो. चित्रबलाक व राखी बगळा गुडघाभर पाण्यांत उभे राहतात. बदकें तरंगत्या पाण्यावर, आणि पाणकावळा थेट बुडी मारून खालीं. एका हाताच्या खोलींत एवढ्या पंक्ति बसलेल्या असतात! यामुळेंच पाणी एकाएकीं हातभर चढलें किंवा उतरलें, तर कांठावरच्या कित्येक पंक्ति उठून जातात. बंधाऱ्याचीं दारें केव्हां उघडावीं हा प्रश्न शेतकऱ्याचा खरा. पण तो या मुक्या पाहुण्यांचाहि आहे.

इतक्यांत वाटाड्यानें माझ्या बाहीस हळूच ओढलें. "गुरुजी, त्या बेटाच्या टोकाला पाहा. चक्रवाक."

मीं दुर्बीण वळविली. ओल्या मातीवर दोन पक्षी उभे होते. बदकाहून मोठे, हंसाहून लहान, सर्वांग तांबूस केशरी, जणूं नुकतें गेरूंत बुडवून काढलेलें, डोकें फिकट, साईच्या रंगाचें, शेपटी काळी. इंग्रज लोक यास 'ब्राह्मणी बदक' म्हणत, आणि आपल्याकडेहि तें नांव रूढ झालें, तें या भगव्या वर्णावरून असावें. एकानें पंख पसरले तेव्हां त्यांतला लख्ख पांढरा भाग उन्हांत चमकला. मग त्यानें मान वर करून नाकांतून काढल्यासारखा, दूरवर जाणारा 'आंऽग्, आंऽग्' असा स्वर केला, आणि शेजारणीनें त्याला उत्तर दिलें.

मी किती वेळ पाहत राहिलों तें सांगतां येत नाहीं. पस्तीस वर्षें ज्याची विभक्ति चालविली, तो समोर उभा होता. आणि मीं त्याला चित्रावरूनहि ओळखलें नसतें. नेमक्या त्याच क्षणीं त्या नववीच्या मुलाचा आवाज मला ऐकूं आला: 'जोडीजोडीनें असतो. रात्रीं ओरडतो.' त्याचें अक्षर न् अक्षर खरें होतें.

सूनबाईंनीं पुढें जी माहिती दिली ती वाचकांनाहि आवडेल. चक्रवाकाचें घर येथें नाहीं. लडाख, तिबेट आणि त्यापलीकडे मध्य आशियांतील उंच प्रदेशांत, कड्यांच्या भोंकांत व बिळांत तो अंडीं घालतो. तेथील सरोवरें गोठूं लागलीं कीं आश्विन-कार्तिकांत इकडे येतो व फाल्गुन-चैत्रांत परततो. त्याचा सोबती पट्टकादंब हंस, ज्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, तो हिमालय ओलांडतांना सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद शास्त्रज्ञांनीं त्याच्या अंगावर यंत्र बसवून केली आहे. तो त्या दिवशीं आम्हांला दिसला नाहीं. पण मेघदूतांत आषाढाच्या मेघाबरोबर मानसाकडे निघालेले राजहंस मला आठवले. हा हंस तर पावसाच्या कितीतरी आधीं येथून गेलेला असतो. तो जर कवीचा राजहंस असेल, तर कवीचें पंचांग आणि हंसाचें पंचांग यांत दोन-तीन महिन्यांचें अंतर पडलें आहे, आणि हें कोणत्याहि टीकेंत मीं वाचलें नव्हतें. संस्कृत नांवें आणि प्रत्यक्ष पक्षी यांची सांगड घालण्याचें काम क. ना. दवे यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत केलें. मराठींत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं रानांत राहून आणि ग्रंथ चाळून तेंच व्रत चालविलें. हीं पुस्तकें माझ्या हातीं यावयास निवृत्तीची वाट पाहावी लागली, याचा दोष दुसऱ्या कोणाचा?

दुपारीं एक प्रसंग घडला तो लिहिला पाहिजे. कांहीं हौशी मंडळी मोठमोठे कॅमेरे घेऊन आलीं. बदकें उडतांना चित्र चांगलें येतें म्हणून एकानें ढेकूळ उचलून पाण्यांत फेंकलें. शेंकडों पक्षी एकदम उठले, आकाश क्षणभर काळें झालें, टाळ्या पडल्या. वाटाडी तरुण धांवत गेला व हात जोडून त्यांस परावृत्त करूं लागला. परत आल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, एकेक उडी त्यांना महाग पडते. हिवाळाभर खाऊन अंगांत चरबी सांठवायची, तिच्यावरच हिमालय ओलांडायचा. आपण टाळी वाजवतों, तिकडे त्यांची शिदोरी सरते." या वाक्यास मीं मनांतल्या मनांत पूर्ण गुण दिले.

संकट इतकेंच नाहीं. जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसावयास सुंदर, पण त्याखालचें पाणी गुदमरतें व मोकळें पाणी शोधणाऱ्या बदकांस उतरण्यास जागा उरत नाहीं. वरच्या शहरांतील सांडपाणी याच नदींतून येतें. जो आपल्या घरांतील मोरीचें पाणी कोठें जातें याचा विचार करीत नाहीं, त्यानें पक्ष्यांवर प्रेम असल्याचें सांगूं नये. आणि हें मी नाशिककर या नात्यानें आधीं स्वतःस सांगतों. कांठच्या शेतकऱ्याचीहि बाजू आहे. पक्षी पिकांत उतरतात, बंधारा गाळानें भरला आहे, पाण्याची ओढ मोठी आहे. त्याला दटावून पक्षी वांचणार नाहींत. गांवच्याच मुलांना वाटाड्याचें काम मिळूं लागलें, ही त्या दृष्टीनें मला सर्वांत आशेची गोष्ट वाटली. कारण ज्या हातांतून गलोल सुटली त्या हातांत दुर्बीण आली.

ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं मार्गशीर्ष ते माघ या काळांत जावें. पहाटे पोंचावें, सूर्य पाठीशीं येईल असें बसावें, मळकट रंगाचे कपडे घालावे, आवाज व खाद्यपदार्थ दोन्ही आंवरावे. लहान मुलांस अवश्य न्यावें. तीं आपल्याहून आधीं पाहतात.

सायंकाळीं निघण्याची घाई झाली, पण मीं हट्टानें थांबवून घेतलें. कविसंकेत तपासावयाचा होता. सूर्य बुडाला, पाणी तांबडें, मग करडें झालें. ती जोडी त्याच बेटावर होती. अंधार पडेपर्यंत दोघें एकमेकांपासून चार हातांहून दूर गेलीं नाहींत. शाप खोटा ठरला. मग दिसेनासें झालें, आणि काळोखांतून तो स्वर आला. एकदां अलीकडून, एकदां पलीकडून. हे पक्षी रात्रीं चरावयास निघतात व चरतांना एकमेकांस हांक देतात, असें सूनबाई म्हणाल्या. कोण्या एका काळीं कोणी तरी नदीकांठीं निजलेल्यानें हा स्वर दोन्ही तीरांवरून ऐकला असेल, आणि त्या ऐकण्यांतून ही विरहकथा जन्मली असेल. म्हणजे कवीनें निदान कान देऊन ऐकलें होतें. न ऐकतां शिकविणारा मी होतों.

परततांना गाडींत नातू झोंपी गेला. मी त्या मुलाचें नांव आठवूं लागलों. हजेरीपटावरचीं कितीतरी नांवें आठवलीं, पण तें आठवेना. आज तो चाळिशीपुढचा गृहस्थ असेल. त्याचें गांव मात्र आठवतें. तें याच पाण्याच्या कांठीं आहे. हें मासिक त्या गांवीं कोणाच्या घरीं जात असेल, आणि हा लेख त्याच्या वाचनांत येईल, तर त्यानें एवढें समजावें कीं त्या दिवशीं त्याचें उत्तर बरोबर होतें, आणि गुरुजींचें चुकलें.