मोडलेली सममिती

अर्बियम-१६६च्या अणुकेंद्रकाच्या ऊर्जापातळ्या शिरपूरच्या वर्गात फळ्यावर लिहून देतो: ८०.६, २६५.०, ५४५.५, ९११.२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट. फिरकी २, ४, ६, ८. कडक वस्तू फिरत असेल तर ऊर्जा ‘फिरकी गुणिले फिरकी अधिक एक’ या प्रमाणात वाढते. पहिल्या पातळीवरून पुढच्या काढल्या की येतं २६८.७, ५६४, ९६७. तूट आधी चारची, मग एकोणीसची, मग छप्पन्नची. माझं काम या वाढत्या तुटीचं.

असले आकडे मोजायला सहसा पेलेट्रॉनसारखं कणत्वरक यंत्र लागतं. तसं एक कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आहे. हिशेबाला मात्र कागद आणि साधा संगणक पुरतो, म्हणून हे काम तापीकाठच्या तालुक्यातही होतं.

अणुकेंद्रकातलं बल कोणत्याही दिशेला झुकतं माप देत नाही. तरी १९५० मध्ये रेनवॉटर यांनी आणि पाठोपाठ आगे बोर व मोटेलसन यांनी अणुकेंद्रकाला लांबट मानलं. नील्सन यांनी १९५५ मध्ये त्या लांबट आकाराच्या ऊर्जाविहिरीत एकेका कणाच्या पातळ्या मांडल्या. म्हणजे सममिती आपण जाणूनबुजून मोडतो, आणि त्यामुळेच शंभर-दीडशे कणांची एकत्र चाल आवाक्यात येते. हे धाडस मला या कसबात सर्वांत मोलाचं वाटतं.

पण मोडलेलं सांधावंही लागतं. पायर्ल्स आणि योकोझ यांनी १९५७ मध्ये वाट दाखवली: तीच लांबट अवस्था सगळ्या कोनांत फिरवायची, योग्य वजनं देऊन बेरीज करायची आणि हवी ती फिरकी गाळून घ्यायची. हिशेब वाढतो म्हणून ही पायरी टाळणं, निदान कमी फिरकीला, मला पटत नाही.

तूट का वाढते? उकडलेलं अंडं टेबलावर भिंगरतं, कच्चं रेंगाळतं. अणुकेंद्रक या दोहोंच्या मधलं. प्रोटॉन प्रोटॉनशी, न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी जोडी करतात, आणि त्यामुळे मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे फिरवण्याला होणारा विरोध, कडक गोळ्याच्या साधारण निम्म्यावर येतो. बेल्याएव यांनी १९५९ मध्ये हे गणितात बसवलं. फिरकी वाढली की जोड्या सैल होतात, मोमेंट वाढतो आणि पातळ्या खाली सरकतात.

इथवर सूत्राला एखादं पद जोडून निभावतं. अर्बियम-१५८मध्ये मात्र फिरकी बाराच्या पुढे गेल्यावर न्यूट्रॉनांची एक जोडी सुटून फिरण्याच्या अक्षाकडे वळते आणि फिरण्याच्या वेगासमोर मांडलेला मोमेंटचा आलेख मागे वाकतो. तिथे जोड्या शाबूत असलेला पातळ्यांचा एक पट्टा आणि जोडी सुटलेला दुसरा, असे दोन्ही वेगवेगळे मांडून ते एकमेकांना कुठे छेदतात, हेच काढावं लागतं.