नुरा की निकाली?

दिल्लीकडच्या हिंदी वर्तमानपत्रांत एक शब्द वरचेवर भेटतो – 'नूरा कुश्ती'. दोन पुढारी भर सभेत एकमेकांवर तुटून पडतात आणि रात्री एका पंगतीला जेवतात, तेव्हा इथले पत्रकार तो हमखास वापरतात. माझ्या माहेरी, कोल्हापूरच्या बाजूला, या शब्दाचा राजकारणाशी संबंध नव्हता. निकाल आधी ठरवून खेळलेली कुस्ती ती नुरा. माझे वडील, म्हणजे आबा, तरुणपणी तालमीत घुमलेले. पैलवानाला यापेक्षा मोठी शिवी त्यांना ठाऊक नव्हती.

नोएडात संसार थाटून मला अकरा वर्षं झाली. घरोघरी होतं तेच आमच्याकडेही झालं. टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती बघताना मुलीने विचारलं, "आई, हे खरं असतं का?" मी काही बोलायच्या आत सुट्टीला आलेले आबा म्हणाले, "काय खरं न्हाई त्यात. समदी नुरा." मुलगी गप्प बसली नाही. "मग लोक तिकीट काढून कशाला बघतात?" आबांकडे उत्तर नव्हतं. पत्रकारितेच्या पदविकेच्या वर्गात मी एक गोष्ट शिकले होते. प्रश्न साधा वाटला तरी उत्तर शोधावं. म्हणून शोधलं.

मैदानाचा हिशेब

शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागृह पाहिलं. कोल्हापूरचं खासबाग मैदान हे त्याचंच फळ. १९१२ मध्ये ते पुरं झालं. मधे मातीचा हौदा आणि भोवती उतरती बैठक. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पट कसा काढला ते दिसावं. महाराजांच्या पदरी पैलवान होते, पंजाबातले नामवंत मल्ल कोल्हापुरात येत. खुराकाची चिंता दरबाराला.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि दरबारी आश्रयाचे दिवस सरले. दूध, तूप, बदाम आता तिकिटावर आणि जत्रेतल्या इनामावर आले. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून एक नंबरच्या कुस्तीपर्यंत जोड्या जोडायच्या, हँडबिलं वाटायची, हलगी लावायची आणि गर्दी जमवायची, हा संयोजकाचा उद्योग झाला. आता संयोजक म्हटला, की त्याला गल्ला हवा. गल्ल्यासाठी नाव हवं आणि नाव टिकायला पैलवान हरून चालत नाही. नुराचा संशय नेमका इथूनच सुरू होतो. एक नंबरची कुस्ती तासभर नुसती खडाखडी करून बरोबरीत सुटली, की मैदानात कुजबुज ठरलेली.

दारासिंग आणि किंगकाँग

मुंबईत हाच धंदा वेगळ्या थाटात उभा राहिला. मातीऐवजी दोरखंडांचं रिंग, लांगेऐवजी चड्डी आणि नाव 'फ्रीस्टाइल'. अमृतसर जिल्ह्यातल्या धरमूचक गावचा दारासिंग चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सिंगापूरला गेला आणि तिथेच हा प्रकार शिकला. किंगकाँग म्हणजे मूळचा हंगेरियन एमिल झाया. दीडशे किलोंहून कितीतरी जड असलेला हा माणूस दारासिंगचा ठरलेला प्रतिस्पर्धी. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर या कुस्त्यांना मुंबई लोटायची. दारासिंगने त्या धूडाला डोक्यावर उचलून फेकल्याची गोष्ट आमच्या गावच्या पारावरही सांगितली जाई. १९६२ मध्ये 'किंगकाँग' नावाचा सिनेमा आला, त्यात दारासिंग नायक होता. २९ मे १९६८ रोजी मुंबईतच त्याने अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवलं.

या कुस्त्या ठरवलेल्या असत का? फ्रीस्टाइलचा जगभरचा रिवाज पाहता निकालाची कल्पना दोघांना असे, असंच मानायला हवं. अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीने तर १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वतःच कबूल केलं, की हा खेळ नाही, करमणूक आहे. कारण? खेळ म्हटला की सरकारी परवाने आणि कर आले! पण निकाल ठरलेला असला तरी अंगावर पडणारं वजन ठरवून हलकं होत नाही. मुलीला मी एवढंच सांगितलं – शेवट लिहिलेला असतो, आपटणं खरं असतं. नाटकाचं तिकीटही आपण शेवट माहीत असून काढतोच ना?

हमीदा बानूची गोष्ट

या शोधात मला एक बाई भेटली आणि मुलीचा प्रश्न तिथेच मागे पडला. हमीदा बानू मूळची मिर्झापूरची. सलाम पहिलवानाच्या हाताखाली अलिगढला तयार झाली. अलिगढ म्हणजे आमच्या नोएडाहून सकाळी निघून दुपारी परत यावं एवढ्या अंतरावर. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. १९५४ मध्ये तिने जाहीर केलं, "मला कुस्तीत हरवील त्याच्याशी लग्न करीन." पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक मल्ल तिने लोळवला. त्या वर्षीच्या मे महिन्यात बडोद्यात बाबा पहिलवानाशी कुस्ती झाली. १ मिनिट ३४ सेकंदांत निकाल! त्याच वर्षी मुंबईत रशियन मल्ल वेरा चिस्टिलिनला तिने मिनिटाच्या आत चीत केलं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. कोल्हापुरात तिने एका पंजाबी मल्लाला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगड मारले. पोलिसांना मधे पडावं लागलं. पुण्यात तिची रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती राष्ट्रीय तालीम संघाच्या विरोधामुळे झालीच नाही. तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आलं, की ती बाई आहे म्हणून बंदी नाही. संयोजक तिच्यासमोर नकली पैलवान उभे करतात, अशा तक्रारी आहेत.

म्हणजे पुन्हा नुराच! तक्रारी खऱ्याही असतील. संयोजक साधुसंत नव्हते. पण दारासिंगच्या कुस्त्यांवरही संशय घेतला जाईच की. त्याला मात्र सिनेमा मिळाला, पुढे रामायण मालिकेत हनुमान मिळाला, २००३ मध्ये राज्यसभाही मिळाली. हमीदाला दगड मिळाले. उत्तरायुष्यात ती कल्याणला राहिली आणि दूध विकून तिने चरितार्थ चालवला. ज्या कल्याणहून रोज हजारो मराठी माणसं लोकल पकडतात, तिथे ही बाई कोण होती ते किती जणांना ठाऊक असेल? आबांच्या तोंडचा तो शब्द मला तोवर प्रामाणिक वाटत होता. पण तो कुणाला आणि कधी लावायचा, हेही कुणीतरी ठरवत असतं.

आता नोएडात

त्यानंतर काळ बदलला, पण फार सावकाश. खलीने पंजाबात जालंधरला स्वतःची कुस्ती कंपनी आणि शाळा २०१५ मध्ये काढली. तिथे शिकलेली हरियाणाची कविता देवी २०१७ मध्ये सलवार-कमीज घालून अमेरिकन रिंगणात उतरली. २०१५ च्याच डिसेंबरात प्रो रेसलिंग लीग सुरू झाली. तिथले निकाल ठरवलेले नव्हते, पण पैसा लिलावाचा होता आणि प्रत्येक संघात मुली होत्या. पहिल्या वर्षी मुंबईचा संघ जिंकला, तोही दिल्लीतल्या ज्या सभागृहाला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं नाव आहे तिथे. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबांच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं होतं. महाराष्ट्रात महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मात्र २०२३ मध्ये सांगलीला पहिल्यांदा झाली. हमीदाच्या त्या वर्षानंतर ६९ वर्षांनी! आणि मधे बंद पडलेली लीग २०२६ च्या जानेवारीत परत आली ती आमच्या नोएडाच्या इनडोअर स्टेडियमवर.

एव्हाना माझी मुलगी बारा वर्षांची झाली होती. तिने जाहीर केलं, "मला कुस्ती शिकायची आहे."

बघणं निराळं आणि पोटच्या पोरीला पाठवणं निराळं. २०२३ मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगट यांच्यासारख्या मुली जंतरमंतरवर बसल्या होत्या. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. ऑलिंपिकचं पदक असलेल्या मुलीलाही रस्त्यावर बसावं लागतं, तर आपल्या पोरीचं काय? सासूबाई म्हणाल्या, "कान मोडतील, नाक मोडेल, पुढे लग्नाचं काय?" खरं सांगायचं तर कानाची भीती मला नव्हती.

शेवटी आम्ही नवराबायकोने तीन गोष्टी ठरवल्या. शिकवणाऱ्यांत एक तरी बाई हवी. सरावाच्या वेळी पालकांना आत बसू द्यायला हवं. आणि मुलीने घरी येऊन काहीही सांगितलं, तरी आधी तिचं ऐकायचं, मग प्रश्न विचारायचे. एका केंद्राने दुसरी अट नाकारली. आम्ही तिथून परतलो. दुसऱ्या ठिकाणी तिन्ही मान्य झाल्या. मुलगी खेळात घालायची असेल, मग तो कुठलाही असो, तर या अटी तुम्हीही घालून पाहा. कोण नाकारतं, यावरूनच बरंच कळतं.

आबांना फोन केला. ते नको म्हणणार या तयारीने मी बोलत होते. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "मातीत खेळणार का गादीवर?"

"गादीवर, आबा."

"मग गुडघं जप म्हणावं तिला. आन् दूध म्हशीचं दे."

गेल्या महिन्यात तिची केंद्रातल्या केंद्रातच पहिली लढत झाली. समोरची मुलगी दादरीकडच्या गावातली होती, वयाने एक वर्ष लहान. माझी लेक पुरतं एक मिनिटही टिकली नाही. रडतच बाहेर आली. रात्री आजोबांनी फोनवर विचारलं, "कशी हरलीस?" "पाठ टेकली, आजोबा." "मग निकाली झाली की गं," ते म्हणाले, "त्यात रडायचं काय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ती बूट घालून दारात उभी होती.