मागून येणारें घर

लहानपणीं गोगलगाईचा मला फार हेवा वाटे. कोठेंहि जावें, आणि दमल्यावर आपल्याच घरांत शिरावें! परंतु गोगलगाईला लॉस एंजेल्स शहरांतून जावें लागत नाहीं, ही गोष्ट त्या वयांत ध्यानांत येण्यासारखी नव्हती.

मोटारीच्या मागें जोडून न्यावयाच्या फिरत्या घराला अमेरिकेंत ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. लॉस एंजेल्सशीं या घरांचें नातें जुनें आहे. वॉली बायम या गृहस्थानें अॅल्युमिनियमचा चकचकीत 'एअरस्ट्रीम क्लिपर' १९३६ सालीं बाजारांत आणला, तो याच भागांत. पुढें चार वर्षांनीं, १९४० च्या डिसेंबरांत, अरोयो सेको पार्कवे हा तिथला पहिला फ्रीवे खुला झाला. म्हणजे फिरतें घर आधीं आलें, आणि त्याला भंडावून सोडणारा रस्ता मागून आला!

आमच्याकडे हें बिऱ्हाड आलें तें हौसेनें नव्हे. पत्नीच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली होती. तासाभरापेक्षां अधिक बसणें तिला सोसेना, आणि हॉटेलांतल्या मऊ गाद्यांवर रात्र काढणें त्याहून सोसेना. सीक्वोयाचे प्रचंड वृक्ष एकदां पाहावयाचे, ही तर तिची जुनी इच्छा. तेव्हां बावीस फूट लांबीचा एक वापरलेला ट्रेलर घेतला, आणि त्यांत तिला मानवेल असा कठीण बिछाना बसविला. परंतु कॅलिफोर्नियाचा कायदा असा कीं, असला ट्रेलर ओढला जात असतांना त्यांत कोणीं बसतां अथवा निजतां कामा नये. कायदा शहाणपणाचाच आहे. तरी पण ज्या बिछान्यासाठीं एवढा खटाटोप, तो मागें रिकामा हिंदकळत यावा, आणि जिच्यासाठीं तो केला तिनें पुढच्या आसनावर उशी घेऊन ताठ बसावें, ही थट्टा आम्हां दोघांनाहि रुचली नाहीं.

ट्रेलर भरणें ही एक विद्याच आहे. मात्र ज्यानें बैलगाडी भरतांना पाहिली आहे, त्याला ती निराळी शिकवावी लागत नाहीं. ओझें मागें झालें कीं गाडी उलाळ होते, हें आमच्या गांवचा गडी नुसत्या नजरेनें सांगे. तीच गोष्ट तेथें आंकड्यांनीं सांगतात. ४,००० पौंड वजनाच्या ट्रेलरनें मोटारीशीं असलेल्या जोडावर ४०० ते ६०० पौंड भार टाकला पाहिजे. भार कमी पडला, तर वेग वाढतांच मागचें घर शेपूट हालवूं लागतें. शेजारून एखादा उंच मालट्रक झपाट्यानें गेला, तर वाऱ्याच्या धक्क्यानेंहि हा प्रकार सुरू होतो. त्या वेळीं पायाखालचा ब्रेक जोरानें दाबण्याची अनिवार इच्छा होते, आणि नेमकें तेंच करावयाचें नसतें. वेग आपोआप उतरूं द्यावा, आणि गुडघ्याजवळच्या लहानशा दांड्यानें फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावावे. म्हणजे मागून कोणीं कासरा ओढावा तसें तें घर सरळ होतें.

आम्हांला अर्व्हाइनहून निघून ४०५ क्रमांकाच्या फ्रीवेनें उत्तरेस जावयाचें होतें. ट्रेलरवाल्याला वेगाची मर्यादा ताशीं ५५ मैल, आणि लेन उजवीकडची. रस्ता चार लेनचा असला, तर फार तर तिच्या शेजारची. उजवी लेन म्हणजे शांततेची लेन, असा नवख्याचा समज होतो. वस्तुतः सगळा बाजार तेथेंच! फ्रीवेवर येणारा तेथूनच शिरतो, आणि बाहेर पडणारा तेथूनच निसटतो. चाळीस फुटांची ही वरात थांबवावयाची, तर पुढें पुष्कळ मोकळी जागा लागते. मी ती राखीं, आणि राखली कीं ती कोणी तरी भरून काढी. मी पुन्हां मागें सरें. पुन्हां जागा होई, पुन्हां एक मोटार आंत येई. एरवीं मीं तिकडे दुर्लक्ष केलें असतें. परंतु त्या दिवशीं ती मोकळी जागा म्हणजे पत्नीची पाठ होती. जागा असली तर ब्रेक हळूं लावतां येई. नसली तर बसलेला हिसका तिच्या मिटलेल्या ओठांवर मला दिसे. शिरणाऱ्याला हें कसें कळावें? त्याला दिसत होती ती वीसपंचवीस हात बिनमालकीची जमीन.

"अहो, पुण्या-साताऱ्याच्या रस्त्यावर एस्. टी. पुढें बैलगाडी घातली आहे असें समजा," ती म्हणाली. "गाडीवान कधीं चिडलेला पाहिला आहे का?"

मीं पाहिला होता. पण तें सांगण्याची ती वेळ नव्हती. तासाभराची वाट सव्वादोन तासांवर गेली होती, आणि मध्यें उतरावें, तर एवढी लांब गाडी वळवितां येईल अशी जागा फ्रीवेलगत सहज मिळत नाहीं. सेपुल्वेडा खिंडीचा चढ संपला, तों १०१ क्रमांकाच्या रस्त्याचा फांटा आला. तेथें उजवीकडच्या लेनी फुटून निघतात. सरळ जावयाचें तर डावीकडे सरकलेंच पाहिजे. आरशांत मोटारींची रांग तुटेना. इतक्यांत मागचा एक मालट्रक मंदावला आणि त्यानें दिवे दोनदां मिचकावले. पुढें जागा झाली आहे, ये, असा त्या लोकांचा इशारा असतो. माझें घर सबंध आंत येईपर्यंत तो तसाच मागें राहिला.

खोऱ्यांत उतरल्यावर एका दुकानाच्या प्रशस्त आवारांत गाडी उभी केली. पत्नीला हात देऊन पायरी चढविलें, आणि चहाचें आधण ठेवलें. पाणी उकळण्यापूर्वींच ती झोपी गेली होती. मीं गॅस बारीक केला आणि दार लोटून घेतलें.