बटण दाबायच्या आधीचा खंड्या

खंड्या उडाला, मग मी बटण दाबलं, आणि फोटोत आला तो उडायच्या आधीचा खंड्या! बांबूच्या टोकावर बसलेला, मग किंचित पुढे झुकलेला, मग पंख अर्धे उघडलेला, मग पाय सुटलेला. अख्खी मालिका. नावाडी दादांना ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवली तर ते म्हणाले, "ताई, म्हंजे ह्याला आधीच कळलं व्हतं?" त्या क्षणी मला तरी दुसरं काय वाटत होतं!

कळलंबिळलं काही नसतं. त्यासाठीचा मोड लावून बटण अर्धं दाबून धरलं की हा कॅमेरा सतत फोटो काढत राहतो, सेकंदाला ३० या वेगाने, पण जपून ठेवतो फक्त शेवटचे १४. नवा आला की जुना फेकतो. आपण बटण पूर्ण दाबलं की हातात असलेले ते १४ कार्डावर उतरवतो आणि पुढचे काढू लागतो. १४ फोटो म्हणजे साधारण अर्धा सेकंद. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत माणसाचा पाव सेकंद तरी जातोच, आणि पक्षी तेवढ्यात चौकटीबाहेर गेलेला असतो. आजवर जगातले सगळे खंड्या माझ्या पाव सेकंदाच्या फरकाने निसटले. आता तो पाव सेकंद परत मिळतोय, वर आणखी पाव सेकंद जास्तीचा!

आरसा गेला म्हणून हे शक्य झालं. जुन्या एसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढ्यात तिरका आरसा असायचा. लेन्समधून आलेला उजेड तो वर आपल्या डोळ्याकडे पाठवायचा. बटण दाबलं की आरसा खाडकन वर उचलला जायचा आणि तेव्हा कुठे सेन्सरला बाहेरचं जग दिसायचं. मिररलेसमध्ये सेन्सर सारखा बघतच असतो. आपण डोळ्याला लावतो त्या व्ह्यूफाइंडरमध्येही तो बघतोय तेच आपल्याला दिसतं. जो सतत बघतोय त्याला मागचं आठवणारच! हे इतकं सरळ आहे की मला कुणी याआधी का सांगितलं नाही, याचा मी दिवसभर राग राग केला.

मी पक्षी बघणारी बाई, फोटो काढणारी नव्हे. आमच्या गटात वर्षानुवर्षं वाटणीच तशी आहे: बायकांच्या गळ्यात दुर्बिणी आणि पुरुषांच्या खांद्यावर कॅमेरे. एक काका ६०० मिलिमीटर एफ/४ घेऊन येतात. ती लेन्स एकटीच तीन किलोच्या वर. खाली तिपाई, वर आवरण, शिवाय ती ठेवायला गाडीची अख्खी मागची सीट. ते सगळं माझ्या पाठीला झेपणार नव्हतं आणि स्वारगेटच्या सोलापूर गाडीत तर मुळीच मावणार नव्हतं. मग भाचा टोकियोहून सुट्टीवर येताना हा घेऊन आला. ओएम-५. बॅटरी आणि कार्डासकट ४१४ ग्रॅम. सोबत ७५-३०० ची लेन्स, ती ४२३ ग्रॅम. मिळून किलोसुद्धा नाही. शबनममध्ये पाण्याची बाटली, डबा, स्कार्फ, आणि त्यांच्या मध्ये कॅमेरा. पाण्याची बाटली त्याच्यापेक्षा जड!

आणि ही ३०० ची लेन्स या कॅमेऱ्यावर ६०० सारखी दिसते, असं भाच्याने सांगितलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं. खरं आहे, पण जादू नाही, कात्री आहे. याचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, आणि ज्याला फुलफ्रेम म्हणतात तो ३६ बाय २४ चा. लेन्स ३०० चीच राहते, सेन्सर फक्त मधला तुकडा उचलतो. मग मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो घरी कापला तर तेच नाही का? नाही! २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम फोटोचा तेवढाच तुकडा घेतला तर ६ मेगापिक्सेल उरतात. इथे त्या तुकड्यातच २० दाटीवाटीने बसलेत. पलीकडच्या कुरवाच्या डोळ्याभोवतीचं वर्तुळ मी घरी येऊन पाहिलं. नावेत असताना ते दुर्बिणीतूनही नीट कळलं नव्हतं.

छोट्या चौकटीचं हे वेड जुनंच आहे म्हणे. ऑलिंपसचे योशिहिसा मैतानी यांनी १९५९ मध्ये पेन नावाचा कॅमेरा केला, तो अर्ध्या चौकटीत फोटो काढायचा, म्हणजे ३६ च्या रोलमध्ये ७२. पुढे १९७२ मध्ये त्यांनीच त्या काळच्या अवजड एसएलआरच्या मानाने चिमुकला एसएलआर काढला. तो नंतर ओएम-१ म्हणून ओळखला गेला. माझ्या कॅमेऱ्याच्या नावातलं 'ओएम' तिथून आलंय. २००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने मिळून हा छोटा सेन्सर मिररलेससाठी ठरवला. मैतानी २००९ मध्ये गेले. त्यांना कुंभारगावचा खंड्या दाखवायला हवा होता!

तर कुंभारगाव. उजनीच्या धरणाने भीमा अडवली आणि तिचं पाणी भिगवणच्या आसपास पसरून उथळ झालं. हिवाळा सरता सरता पाणी मागे हटतं, चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात रोहित येतात. मासे धरणारीच मंडळी आता सकाळी पक्षी दाखवतात. दादांनी बांबूने नाव ढकलत माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, एवढ्याशात रोहित मावंल का?"

मावला! एक नाही, रांगच्या रांग. माना खाली, चोच उलटी करून चिखलपाणी गाळत चाललेले. आणि कॅमेऱ्याचा आवाज शून्य. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की क्लिकही होत नाही. शेजारच्या नावेत आरसा खडखडत होता, तिकडच्या दोन माना वर आल्या. आमच्या बाजूच्या नाहीत. (थवा उडावा म्हणून नाव अंगावर घालायला सांगणारेही असतात. माझ्या मते त्यांना तिथेच गुडघाभर चिखलात उतरवावं.) दादा तसलं काही करत नाहीत. ते लांब थांबतात आणि पाणी बघत बसतात.

पांढऱ्या पक्ष्यांची तर मला भीतीच होती. काळपट पाण्यावर पांढरा चमचा किंवा बगळा म्हणजे फोटोत पिसांच्या जागी नुसता पांढरा डाग, हे इतरांच्या फोटोंत किती वेळा पाहिलेलं. इथे व्ह्यूफाइंडरमध्येच दिसतं! जिथे पांढरं जळतंय तिथे रंग चढतो, अंगठ्याखालची चकती फिरवून उजेड कमी करत जायचं, रंग गेला की पिसं परत. फोटो काढायच्या आधीच तो कसा येणार ते समोर. चित्रबलाकाच्या पंखांवरची गुलाबी झाक, जी मी इतकी वर्षं 'आहे थोडीशी' म्हणून सोडून देत होते, ती केवढी आहे!

आता पुन्हा खंड्याकडे, कारण माझा जीव तिथे अडकलाय. कवड्या खंड्या, काळा-पांढरा, मच्छीमारांनी जाळ्यासाठी रोवलेल्या बांबूवर बसणारा. कॅमेऱ्याला भूतकाळ आठवतो हे ठीक, पण पक्षी चौकटीत राहायला हवा ना. तिथे दुर्बिणीची वर्षं कामाला आली. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतो. स्कार्फचं टोक बघायचं, वारा कुठून आहे ते कळतं, आणि खंड्याला चौकटीच्या दुसऱ्या कडेला ठेवून पुढची जागा मोकळी सोडायची. शिवाय उडायच्या आधी बरेचदा तो शिटतो. ती खूण दिसली की तयार! या वेगाला फोकस पहिल्या फोटोवरच थांबतो, म्हणून पक्षी आपल्याकडे न येता किंवा आपल्यापासून लांब न जाता आडवा उडेल असं बसायला हवं. दादांना सांगितलं, त्यांनी नाव बांबूच्या बाजूला आडवी आणली. पंखांची टोकं एखाद्या फोटोत वेडीवाकडी येतात, सेन्सर ओळीओळीने वाचला जातो त्यामुळे. येऊ देत.

उजेड मात्र हवा. हे स्पष्टच सांगते, नाहीतर कुणी माझं ऐकून पैसे घालवायचं. ही लेन्स ३०० ला एफ/६.७ होते, काकांच्या एफ/४ मधून जवळजवळ तिप्पट उजेड आत येतो, आणि त्यांचा सेन्सरही मोठा. ऊन उतरलं, आयएसओ ३२००च्या वर गेला की पिसांची बारीक नक्षी जाऊन खरखर दिसू लागते. मागची झाडी त्यांच्या फोटोत विरघळते तशी माझ्यात विरघळत नाही. बॅटरीही कागदोपत्री ३१० फोटोंची, म्हणून दोन जास्तीच्या ठेवते.

पण काका नावेतून उतरले की त्यांचं सामान गाडीत जातं आणि त्यांचा दिवस संपतो. माझा सुरू होतो! लेन्स बदलली, १४-४२ ची लावली, ९३ ग्रॅमची, पापडासारखी चपटी, आणि थेट भिगवणच्या मासळी बाजारात. चिलापीचे ढीग, बर्फ, ओले पाय, लिलावाची ओरड. मोठा कॅमेरा बाहेर आला की माणसं पदर सावरतात, ताठ होतात, "कुठल्या पेपरात येणार?" विचारतात. याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. एका मावशींनी फोटो चालू असतानाच मला भाव सांगितला आणि मी घेत नाही म्हटल्यावर बाजूला व्हायला सांगितलं.

मग पुढची एसटी पकडून पळसदेव. धरणात बुडालेलं पळसनाथाचं जुनं मंदिर पाणी उतरलं की वर येतं. शिखर पाण्याबाहेर, त्यावर पाणकावळे. कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर हाताच्या थरथरीच्या उलट दिशेने हलून ती खोडून काढतो, म्हणून मी तिपाईशिवाय, काठावरच्या दगडावर कोपर टेकवून, अर्ध्या सेकंदाचा फोटो काढला. पाणी धूसर, शिखराचा दगड न् दगड स्पष्ट! पाणकावळे तेवढे हलले.

पुढच्या रविवारी इंदापूरजवळच्या कडबनवाडीच्या माळावर जातोय. चिंकारा दिसेल, नशीब असेल तर लांडगा. लांडगा बघायचा तर पहाटेच, म्हणजे नेमका माझ्या लेन्सला न झेपणाऱ्या उजेडात. काकांनी आपणहून त्यांचा जुना फुलफ्रेम आणि त्याची लेन्स देऊ केली. मी नको म्हणाले. ते म्हणाले, पस्तावशील. तरी मी नकोच म्हणाले, आणि आणखी एक जास्तीची बॅटरी मागवली.