बिल कोण तपासत होतं?

‘व्हाइल चेकिंग द बिल, द सिस्टिम वेंट डाउन.’

वाचा बरं पुन्हा. असे मेल ऑफिसात रोज येतात. आपण वाचतो, पुढे सरकतो. पण इंग्रजी व्याकरणाला विचाराल, तर या वाक्यात बिल चक्क सिस्टिम तपासत होती आणि तपासता तपासता बिचारीने मान टाकली!

हा मेल माझ्या मावसबहिणीचा. ती मनोरीला राहते. सकाळी जेटीवरून बोट, समोर मार्वे, तिथून बसने मालाड आणि मग ऑफिस. कामात एकदम चोख. पण बॉसने सांगून टाकलं, ‘तुझं इंग्लिश वीक आहे, क्लायंटला डायरेक्ट मेल नको करूस.’ क्लायंट नाही म्हणजे टीम लीडची पोस्टही नाही. ‘ताई, मराठी मीडियमवाल्यांचं हे असंच असतं गं,’ ती म्हणाली.

मला हे अजिबात पटलं नाही. तिचे वीसेक मेल वाचून काढले. फिरून फिरून तीच एक चूक सापडत होती आणि तिचं मूळ होतं तिच्या पक्क्या मराठीत!

बघा ना, ‘बिल तपासताना सिस्टिम बंद पडली’ हे मराठीत झकास वाक्य आहे. आपलं ‘-ताना’ भलतं उदार. ‘मी जेवताना फोन आला.’ जेवणारी मी, येणारा फोन, कुणाची तक्रार नाही. ‘जेटीवरून चालताना बोट सुटली.’ मनोरीत सगळ्यांना कळतं, चालत आपण होतो.

इंग्रजीचं ‘-इंग’ एवढं दिलदार नाही. वाक्याच्या सुरुवातीला ते कर्त्याशिवाय आलं, की स्वल्पविरामानंतर जो कर्ता दिसेल त्याच्या गळ्यात पडतं. ‘वॉकिंग ऑन द जेटी, द बोट लेफ्ट’ म्हटलं, की बोटीला पाय फुटलेच!

पण अशी शिस्त आपल्याकडेही आहे. ‘-ऊन’ आठवा. ‘ती जेवून झोपली’ ठीक. ‘ती जेवून मी झोपले’ म्हणून बघा, जीभ अडखळते. (‘पाऊस पडून चिखल झाला’ यासारखे अपवाद सोडा.) म्हणून बहिणीला सांगितलं, ‘-इंग’ने वाक्य सुरू केलंस की मनात ‘-ऊन’ लावून बघ. ‘बिल तपासून सिस्टिम बंद पडली’? लगेच खटकतं. मग त्या तुकड्याला त्याचा स्वतःचा कर्ता आणि क्रियापद दे: ‘व्हाइल आय वॉज चेकिंग द बिल, द सिस्टिम वेंट डाउन.’ फ्रेजचा झाला क्लॉज, विषय संपला.

दुसरी भानगड तिच्या रेझ्युमेत. ‘हँडलिंग क्लायंट्स, टु मेक रिपोर्ट्स अँड टीम मॅनेजमेंट.’ तीन कामं, तिन्हींचे कपडे वेगळे. ‘मला पोहणं, वाचायला आणि गाणी आवडतात’ असं कुणी म्हणालं तर कसं वाटेल? यादीतल्या सगळ्यांना एकच युनिफॉर्म हवा: हँडलिंग, मेकिंग, मॅनेजिंग. यालाच पॅरललिझम म्हणतात.

हे दोन्ही एकाच वाक्यात बघायचंय? बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेली संविधानाची उद्देशिका काढा. शाळेत आपण ती घडाघडा म्हटलेली असते. 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारलेलं हे अख्खं एकच वाक्य आहे. इंग्रजीत सुरुवातीलाच ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’ आणि लगेच ‘हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ड’. निर्धार करणारेही आपण आणि शेवटी संविधान स्वीकारणारेही आपणच. मधे कर्ता बदलत नाही. मराठीत त्याच जागी काय आहे? ‘संकल्पपूर्वक निर्धार करून’. आपलं ‘-ऊन’! आणि कसला निर्धार? घडविण्याचा, प्राप्त करून देण्याचा, प्रवर्धित करण्याचा. सगळे एका युनिफॉर्ममध्ये. मराठी मीडियमवालीला हे व्याकरण परकं नव्हतंच. फक्त कुणी जोडून दाखवलं नव्हतं.

क्लायंटचे मेल तिला मिळाले का? अजून नाही. पण गेल्या आठवड्यात तिने मला बॉसचाच एक मेल फॉरवर्ड केला. ‘होपिंग टु क्लोज द डील, द प्रेझेंटेशन इज अटॅच्ड.’ खाली तिची एकच ओळ होती: ‘ताई, डील क्लोज व्हायची आशा प्रेझेंटेशनला आहे म्हणे!’